आकाश निरंक असल्याबाबत

आकाशात दोन विमानांनी एकाच वेळी एकाच जागी असू नये, याबाबत सर्व थरांत एकमत आहे. (जिल्ह्यात एकमत असलेला हा एकमेव विषय.) या एकमताला यंत्राची जोड द्यावी म्हणून पैठण रस्त्यावरच्या आमच्या हवाई मंडळाने 'शेजारदर्शक' यंत्र स्वीकारले.

यंत्रात दोन डब्या. सांगती डबी आपण कुठे आहोत ते इतरांना (मोबाइलवरही) सांगते. बघती डबी इतर कुठे आहेत ते आपल्याला पडद्यावर दाखवते.

पहिल्या तिमाहीचा अहवाल:
बघती डबी बसवलेले – शंभर टक्के.
सांगती डबी बसवलेले – शंभर टक्के.
सांगती डबी चालू ठेवलेले – टक्केवारी काढण्याइतके नाहीत.

कारणे सबळ आहेत. माजी सभापती काकासाहेब दाट तिथीला हेलिकॉप्टरने नऊ लग्ने करतात (म्हणजे हजेरी लावतात). प्रत्येक मांडवात उतरताच ते म्हणतात, "सगळ्यात आधी तुमच्याकडंच आलो." ही रीत आहे, आणि तिच्यावर बरेच काही उभे आहे. "ती डबी चालू केली तर पिशोरवाल्यांना मोबाइलवर दिसंल ना, मी अजिंठ्याला अक्षता टाकून आलो ते!"

फवारणीचा ड्रोन चालवणारा गोकुळ म्हणाला, "दिसलो की दहा जण बांधावर येऊन बसत्यात. आधी माझं रान, आधी माझं रान."

मंडळाचे प्रशिक्षक मोतीराम सर यांची भूमिका तात्त्विक होती. "आपल्याला सगळे दिसणार ना? मग आपण कशाला दिसायचं?"

सुरक्षेवर परिणाम तात्काळ झाला. यंत्रापूर्वी इथे दिवसाला सरासरी चार विमाने दिसत. यंत्र आल्यापासून पडद्यावर एकही नाही. गर्दीत शंभर टक्के घट केल्याबद्दल मंडळाला गौरवचिन्ह मिळाले. त्यावर सुरक्षित आकाशाचे चित्र कोरले आहे, म्हणजे काहीच कोरलेले नाही.

नियमावलीतील कलम ४: सांगती डबी सदैव चालू ठेवावी. (हे कलम बंद ठेवले आहे.)

आज सकाळी प्रशिक्षणार्थी यास्मिन एकटीने पैठणला जाऊन परत आली. परवान्यासाठी तिचे एवढे एकच उड्डाण उरले होते, आणि फाईल दिल्लीला पाठवण्याची मुदत आज पाचपर्यंत आहे. तिने भरलेले प्रपत्र असे:

पडद्यावर काय दिसले? – काही नाही.
मार्ग सोडला का? – हो, एकदम उजवीकडे.
कारण? – समोरून हेलिकॉप्टर.

"हेलिकॉप्टर नव्हतं," मोतीराम सर म्हणाले.

"होतं सर. काकासाहेबांचं. फेट्याचा रंग सांगू का?"

"पडद्यावर होतं?"

"नाय."

"मग तुला दिसलं कशावर?"

"काचेतून, सर. समोर बघत होते ना मी."

मंडळाच्या तपासणी समितीने यादी चाळली. समोर बघणे मान्यताप्राप्त उपकरणांच्या यादीत नाही.

काकासाहेबांना विचारणा झाली. फेटा सोडून त्यानेच घाम पुसत ते म्हणाले, "पोरीनं वळवलं नसतं तर आज माझ्याच घरी दहाव्याचा मांडव पडला असता. पण हे लिहू नका." लिहिता येण्यासारखे नव्हतेच. घटनेच्या वेळी, दहा वाजून वीस मिनिटांनी, ते नऊही मांडवांत सर्वांत आधी पोहोचलेले होते. अशा माणसाला आकाशात असायला सवड कुठून असणार?

"मार्ग सोडल्याचं खोड, कारणाच्या रकान्यात 'निरंक' लिही," सर हळूच म्हणाले. "फाईल आत्ता पाठवतो. नायतर विनाकारण मार्ग सोडला म्हणून उड्डाण रद्द."

"आणि उद्या दुसरं कोणी गेलं त्या वाटेनं तर?"

"त्याच्या पडद्यावर पण काही नसतंय. काळजी करू नको."

यास्मिनने पेन घेतले. 'हेलिकॉप्टर' या शब्दाखाली एक रेघ ओढली, शेजारी स्वतःचे पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर लिहिला, सही केली. पुढच्या खेपेला आपली सांगती डबी चालू ठेवणार, असेही लिहिले. (मंडळाच्या इतिहासात एखाद्याने आपला ठावठिकाणा आपणहून कळवण्याची ही पहिलीच वेळ.)

समिती अन्यायी नाही. एका साक्षीदाराने नावानिशी दुजोरा दिल्यास उड्डाण ग्राह्य धरू, असे ठरले. त्या वेळी पैठण रस्त्यावर वाहने थांबवून लोक वर बघत होते. कित्येकांनी मोबाइलवर चित्रीकरणही केले. म्हणून ही संपूर्ण हकीकत मंडळाच्या संकेतस्थळावर साक्षीसाठी ठेवली आहे. खाली नाव व नंबर लिहायचा आहे.

आता पाचला दहा मिनिटे कमी आहेत. हकीकत वाचलेले – चार हजार एकशे बारा. नाव लिहिलेले – निरंक.

आपण चार हजार एकशे तेरावे. आपण इथपर्यंत आलात हे आमच्या पडद्यावर दिसते आहे. कोण आलात, ते दिसत नाही.