चौगुले सरांच्या पोटातली वस्ती

आमच्या पेठेत माणूस माणसाला भेटला की 'काय, कसं काय?' विचारतो. चौगुले सर 'पोट काय म्हणतंय?' विचारतात, तेही रस्त्याच्या पलीकडून, ओरडून. एकदा त्यांनी भर मांडवात, ऐन कन्यादानाच्या वेळी नवरीच्या बापाला हेच विचारलं. बापानं बिचाऱ्यानं खरं उत्तर दिलं आणि भटजी खोळंबले.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आतड्यातल्या जंतूंच्या नादी लागले. पण 'जंतू' म्हटलेलं त्यांना खपत नाही.

"वस्ती म्हण की! पोट म्हंजे आपली पेठच हाय. आत गल्लोगल्लीच्या तालमी हायत, मंडळं हायत."

मग सुटतातच. अल्सरवाल्याच्या पोटात एकच पैलवान ठाण मांडून भिंत पोखरतोय. बद्धकोष्ठवाल्याच्या आत गॅस करणाऱ्यांचं मंडळ जोरात. परीक्षा आली की ज्याचं पोट बिघडतं, त्याच्या आत दोन तालमींची फुटबॉल मॅच, आणि पंच पळून गेलेला. आतड्याला सूज असली की निम्मी पेठ ओस, भली माणसं आधी गाव सोडून गेलेली.

"पोटदुखी सगळ्यांची दिसायला एकच, पण वस्ती ज्याची त्याची न्यारी!"

हे सगळं ते मिसळीच्या दुकानात सांगतात. मालक हात जोडतो, "सर, पावणं घास टाकून उठायला लागल्यात ओ."

सरांचं पोट काय म्हणतंय, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. त्यांच्या पत्नी सरोजकाकी गेल्यापासून ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. वरून एकाच भांड्याचा आवाज येतो.

गेल्या महिन्यात त्यांची दाढ सुजली. गाल टम्म, अंगात ताप. मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी मी आणि मंजू, म्हणजे माझी बायको, बघायला गेलो, तर पाकीट तसंच, आणि डोळासुद्धा सुजेनं मिटत आलेला. मी चिडलोच.

"सर, विष भिनेल अंगात! गोळ्या का घेत नाही?"

"गोळी आंधळी असती बाबा. दाढेचा चोर धरायला जाती आणि पोटातली गल्लीच्या गल्ली उठवती."

"मग गोळीबरोबर दही खा, वस्ती परत बसेल. तुम्हीच सांगता की सगळ्यांना."

सरांनी पाकीट बाजूला सारलं. मग म्हणाले, "एका घरात, एका भांड्यातलं जेवणाऱ्यांची वस्ती हळूहळू सारखी होत जाती. सरोजच्या साड्या तिच्या भणीनं नेल्या. चष्मा मी नदीत सोडला. तिचं म्हणून ऱ्हायलंय ते एवढंच, माझ्या पोटात. ते बी मारू?"

 या माणसाचं पोट काय म्हणतंय हे आपण कधी विचारलं नाही, याची मला लाज वाटली. मंजूनं पाणी भरून आणलं.

"सर, आमच्या लेकीला, चिमीला, पहिला दहीभात कुणी भरवला? काकींनीच न्हवं? रोज आपल्याच ताटातला, आपल्याच हातानं. मग काकींची वस्ती तिच्यात बी असंल की."

"शास्त्रात हे इतकं सरळ बसत न्हाय पोरी," सर म्हणाले. पण हात पुढे झाला होता. त्यांनी गोळी घेतली.

गोळ्या संपल्या, गाल उतरला. त्या रविवारी दुपारी सर आपलं ताट घेऊन खाली आले आणि न विचारता चिमीशेजारी बसले. चिमीला नेहमीप्रमाणे भात जास्त झाला. तिनं आपला कालवलेला दहीभात उचलून सरळ सरांच्या ताटात टाकला.

"अगं, सरांना उष्टं घालतीस व्हय?" मंजू ओरडली.

सरांनी ताटावर आडवा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. त्येच पायजे मला."

आणि मान खाली घालून, एकेक शीत वेचून, त्यांनी तो भात संपवला.