टिळव्यांचा तक्ता

टिळव्यांबरोबर हॉकर सेंटरला जेवायला जायचं असेल, तर निघण्याआधी सही करावी लागते. कागदावर चार ओळी असतात: निघायची वेळ, परतायची वेळ, जागा आणि 'फिश सूप, सर्वानुमते'. खाली आमची नावं. पहिल्यांदा मला ती गंमत वाटली. मी हसत सही केली आणि तिथे गेल्यावर खुशाल चिकन राइसच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. टिळव्यांनी खिशातून कागद काढून माझ्यासमोर धरला. त्या दिवशी मी मुकाट्याने फिश सूप प्यायलो.

हे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका रुग्णालयाचा औषधसाठा, खरेदी, पगार असा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं काम आमच्या कंपनीकडे आहे. मी तिथे टेस्ट लीड, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढून पगार घेणारा. टिळवे साठीला टेकलेले, मूळचे वेंगुर्ल्याचे, सिंगापूरचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, होऊनही वीसेक वर्षं झाली असतील. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. एक स्वतः सही करायला आणि एक दुसऱ्याला द्यायला. हे वेड कसं लागलं ते तेच सांगतात. ऐन उमेदीत त्यांनी वर्षभर खपून एक सिस्टिम उभी केली आणि गिऱ्हाईक म्हणालं, आम्ही हे मागितलंच नव्हतं. तेव्हापासून तोंडी शब्दावर त्यांचा भरवसा नाही. क्लेमेंटीच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या दोन खोल्या विद्यापीठातल्या संशोधकांना भाड्याने दिल्या आहेत. वॉशिंग मशीन कुणी कधी लावायचं याच्या वेळापत्रकावर त्या दोघांच्याही सह्या आहेत.

तर अशा माणसाच्या प्रोजेक्टमध्ये गेल्या वर्षी अजाइल आलं.

अजाइल म्हणजे काय हे मला आजही धड सांगता येत नाही. पूर्वी आम्ही आधी सगळं लिहून काढायचो, मग बनवायचो, मग तपासायचो आणि शेवटी एकदाच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचो. आता दर पंधरवड्याला थोडं थोडं द्यायचं. इथवर मला कळलं. पण नव्या पद्धतीत हुद्देही नवे. ते शिकवायला कंपनीने वेई मिंग नावाचा एक तरुण कोच पाठवला. त्याने पडद्यावर तीन नावं दाखवली. काय हवं ते ठरवणारा तो प्रॉडक्ट ओनर, टीमचं काम सुरळीत चालू ठेवणारा तो स्क्रम मास्टर आणि उरलेले सगळे डेव्हलपर. संपलं. आम्ही होतो बारा जण, बारा तऱ्हेचे. टिळव्यांनी हात वर करून विचारलं, "म्हणजे पूर्वीचा कोण?"

पुढे तीन महिने हा प्रश्न आमच्या मानगुटीवर बसला. वेई मिंगने कुठलाही शब्द उच्चारला, की टिळवे विचारणार, म्हणजे पूर्वीचा कोण? त्यांनी एक तक्ताच करायला घेतला. डावीकडे पूर्वीचा हुद्दा, उजवीकडे नवा. पहिल्या आवृत्तीत मी डेव्हलपर होतो. उभ्या आयुष्यात मी प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नाही. घरी सांगितलं तर सहावीतला मुलगा म्हणाला, "पपा, यू कान्ट कोड वॉट." दुसऱ्या आवृत्तीत मी स्टेकहोल्डर झालो. म्हणजे काम न करता मत देणारा, असं टिळव्यांनीच समजावलं. पाचवीत मी पाव प्रॉडक्ट ओनर होतो. उरलेला पाऊण कोण, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

काय हवं ते ठरवणाऱ्या रुग्णालयाच्या सुकाणू समितीने तर त्यांना रडकुंडीला आणलं. चौदा माणसं आणि प्रॉडक्ट ओनरची चौकट एक. टिळव्यांनी चौदाही नावं मुंगीएवढ्या अक्षरांत त्या चौकटीत बसवली आणि खाली टीप दिली, 'आळीपाळीने'. वेई मिंग म्हणाला, "अंकल, वन पर्सन ओन्ली लाह." टिळव्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली त्याची सही घेतली.

नव्या पद्धतीत रोज सकाळी नऊला पंधरा मिनिटांची सभा असते, उभ्यानेच. माणूस उभा असला की कमी बोलतो असं म्हणतात. टिळवे उभ्याने इतिवृत्त लिहायचे, आणि कालचं इतिवृत्त वाचून मंजूर झाल्याशिवाय आजची सभा सुरू होत नसे. पाऊण तास उभं राहून आमच्या पायांत गोळे येत. टिळवे मात्र खुशीत असत. दिवसभरात इतकी माणसं त्यांच्याभोवती एरवी कधी जमत नसावीत, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग वरून पत्र आलं. महिनाअखेरीस प्रत्येक टीमने आपला तक्ता पाठवायचा. ज्याला नव्या रचनेत जागा नाही, तो टीमबाहेर. माझं हसणं तिथे संपलं. तपासणी आता सगळ्यांनीच करायची असल्यामुळे वेगळा टेस्ट लीड लागत नाही, हे वेई मिंगने मला फार मऊ आवाजात सांगितलं. माझं इथलं राहणं नोकरीच्या पासवर. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत सेरंगूनचं बिऱ्हाड आवरायचं, तेही मुलाच्या सहावीच्या, म्हणजे इथल्या बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षात. मी टिळव्यांना विचारलं, माझं काय? ते चष्मा पुसत म्हणाले, "बसवतोय, सावंत. तुमची ओळ अवघड आहे."

मला भयंकर राग आला. माझ्या संसाराचं यांनी शब्दकोडं केलं होतं. त्यांची स्वतःची जागा पक्की होती. प्रोजेक्ट मॅनेजरचा स्क्रम मास्टर होतो हे वेई मिंगने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सतरा आवृत्त्यांत तेवढी एकच ओळ कधी बदलली नव्हती. मी एकदा तोंडावर बोललोही, की तुमची खुर्ची शाबूत आहे, म्हणून चौकटी आखत बसायला सुचतंय. टिळव्यांनी मान डोलावली. ते त्यांनी लिहून मात्र घेतलं नाही.

अठरावी आवृत्ती त्यांनी हॉकर सेंटरमध्ये आणली, ऐन जेवणात. एका हातात चमचा धरून आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. वाचायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं.

सोमवारी वेई मिंगने येऊन माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. मला काहीच उमजेना. त्याने तक्ता दाखवला. 'टेस्ट लीड'च्या समोर लिहिलं होतं 'स्क्रम मास्टर', आणि 'प्रोजेक्ट मॅनेजर'च्या समोर नुसती आडवी रेघ होती.

मी टिळव्यांकडे गेलो आणि हे काय केलंत म्हणून विचारलं.

"तुमची सही आहे त्यावर."

"मी वाचलं नव्हतं."

"माहीत आहे. म्हणून तर जेवताना दिला." मग म्हणाले, "मला पासची भानगड नाही. घर माझं आहे. तुम्ही पोराला घेऊन ऐन परीक्षेत कुठे जाणार? आणि या कामात हुकूम सोडायचे नसतात म्हणे, नुसतं विचारायचं असतं. तीस वर्षांत ते मला जमलं नाही."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी काय काय बोललो होतो ते एकेक आठवत होतं. त्यांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली आहेत, मुलगी मेलबर्नला असते आणि भाडेकरू दार लावून अभ्यास करत बसतात, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या माणसाला घर आहे म्हणजे सगळं आहे, असंच मी धरून चाललो होतो.

टिळव्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार ठरला. मंगळवारी सकाळी पहिल्यांदा मी सभा घेतली. टिळवे सगळ्यात मागे उभे होते, त्या दिवशी हातात वही नव्हती. स्क्रम मास्टरने प्रत्येकाला विचारायचं असतं, तुझं काय अडतंय. अडचण पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावायची आणि ती जो सोडवणार त्याचं नाव खाली घालायचं, असा नियम. मी एकेकाला विचारत गेलो. कुणाला लॉगिन मिळालं नव्हतं, कुणाला रुग्णालयाचं उत्तर यायचं होतं. शेवटी टिळव्यांपाशी आलो. त्यांना तक्त्यात जागा नव्हती, त्यामुळे विचारायचं काही कारण नव्हतं. तरी मी मराठीत विचारलं, "टिळवे, तुमचं काही अडतंय?"

त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं आणि परत ठेवलं. माणसं पाय बदलू लागली.

"सोमवारपासून," ते म्हणाले, "सकाळी नऊला कुठे उभं राहायचं, ते कळत नाहीये."

बाकी कुणाला काही समजलं नाही. वेई मिंगने चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि विचारलं, अंकल काय म्हणाले, हे कोण सोडवणार. त्याचं इंग्रजी मी केलं नाही. मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं देवनागरीत चिठ्ठीवर लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि ती फळ्यावर चिकटवली.