दीड बोटाचं तोंड

दवनीवाड्याचे शेतकरी श्री. डोमनलाल पटले यांचे तोंड दीडच बोट उघडते, ही बाब त्यांच्या मुलीच्या लग्नात सर्वांच्या निदर्शनास आली. व्याह्यांनी आग्रहाने भरवलेला रसगुल्ला दातांच्या दारात अडकला. आत जाईना, बाहेर येईना. मानपान राहिला म्हणून माणूस तोंड मिटून बसला, असा व्याह्यांचा समज झाला आणि त्यांनी घाईघाईने आणखी एक फेटा मागवला.

आमच्याकडे तोंड बोटांनी मोजतात. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात गेली तर माणूस ठीक. त्याहून कमी गेली तर तो खर्रा खाणारा. सुपारी, तंबाखू न् चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून तळहातावर घोटला की खर्रा होतो. दारी आलेल्या माणसाला पाणी मागाहून मिळतं, खर्रा आधी. एकट्यानं खाणाऱ्याला हलका समजतात, आणि समोर धरलेल्याला नाही म्हणणारा त्याहून हलका.

डोमनलालची बायको सुखवंता हिला रसगुल्ल्याचं दुःख नव्हतं. नवऱ्याच्या डाव्या गालात आतून एक फोड होता. धानाच्या रोवणीत झाला, कापणी उरकली तरी भरला नव्हता. अशा फोडाचा तुकडा काढून तपासतात, कॅन्सर असला तर लवकर कळतो, एवढं तिला माहीत होतं. तिनं नवऱ्याला धरलं आणि गोंदियातल्या एका मुखरोग संशोधन केंद्रात आणून उभं केलं.

केंद्राचे प्रमुख डॉ. अतुल यांनी डोमनलालच्या तोंडात बोटं घालून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा, काका! काय सुंदर बंद झालंय तोंड! आमच्या प्रकल्पाला दोन बोटांच्या आतलीच माणसं लागतात. तुम्ही तर आदर्श आहात."

डोमनलालला आयुष्यात कोणी आदर्श म्हटलं नव्हतं. तो दीड बोट हसला.

"तुकडा कवा काढता जी?" सुखवंतानं विचारलं.

"प्रकल्प संपला की सगळ्यांचा एकदम. एकाचा आधी काढला तर समानता राहत नाही."

मग चिठ्ठी उचलली. डोमनलाल 'ब' गटात निघाला. 'अ' गटाला गालात इंजेक्शन, गोळ्या आणि तोंडाचा व्यायाम. 'ब' गटाला निरीक्षण.

"निरीक्षण म्हंजे का?"

"म्हणजे आम्ही पाहणार."

"का पाहणार?"

"यांचं तोंड आणखी किती बंद होतं ते."

"अन् ह्याईले बरं कोण करन?"

"मावशी," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "यांचं बंद झालं नाही, तर दुसऱ्यांचं उघडलं हे आम्हाला कळणार कसं? विज्ञान आहे हे."

विज्ञानापुढं सुखवंताचं काही चाललं नाही. पण व्हरांड्यात 'अ' गटाच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्याकडून तिनं व्यायाम शिकून घेतला. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायच्या, हळूहळू वाढवत न्यायच्या. फोडाच्या भीतीनं डोमनलालनं खर्राही टाकला. गावात त्याच्याशी बोलणं कमी झालं, पण पुढच्या तपासणीला तोंड जवळपास दोन बोटं उघडलं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"खर्रा सोडलात? कोणाला विचारून?"

"फोड दुखून राहिला जी, म्हणून सोडलो."

"आणि या काड्या? हा 'अ' गटाचा व्यायाम आहे. ही सरळसरळ चोरी झाली, काका! 'ब' गटानं सवय बदलायची नसते. दोन बोटांच्या वर गेलात की प्रकल्पाबाहेर. मग तो तुकडा विसरा."

तुकड्यासाठी डोमनलालनं पुन्हा खर्रा धरला. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. डॉक्टरांनी तेही टिपून घेतलं.

पुढं एक शास्त्रीय अडचण निघाली. 'ब' गटातला प्रत्येक जण वेगळ्या टपरीचा खर्रा खात होता. कोणाचा तंबाखू कडक, कोणाचा चुना जास्त. अशानं निष्कर्षाला कोण विचारतो? तेव्हा नैतिकता समितीची बैठक बसली. खर्र्यावर सरकारची बंदी असल्यामुळे समितीनं तो शब्द कुठंच लिहिला नाही. 'ब' गटाला 'प्रमाणित चर्वण मिश्रण' केंद्राकडूनच मोफत पुरवावे, असा ठराव एकमताने झाला.

निविदा निघाली. केंद्राच्या गेटसमोर पानठेला असलेल्या ओमेशला ती मिळाली. याच ओमेशचा माल बंदीच्या पथकानं उन्हाळ्यात उचलून नेला होता. आता तो पांढरा कोट घालून घोटायला बसला. ठेल्यावर पाटी लागली: 'केवळ संशोधनासाठी'. पथक पुन्हा आलं, पाटी वाचली, आणि संशोधनाला आपलाही हातभार लागावा म्हणून खिशाखिशातून नमुने घेऊन गेलं.

"ये तो सेवा है, डॉक्टर साब," ओमेश म्हणायचा, "पयले चोरी-चोरी करत होतो, आता देशासाठी करून राहिलो."

मोफत म्हटल्यावर कॉलेजची पोरं 'ब' गटात घ्या म्हणून भांडायला लागली. दोन बोटांच्या आत आलात की या, असं त्यांना समजावून परत पाठवण्यात आलं. पोरं मेहनतीला लागली.

शेवटी प्रकल्प संपला. समारंभ झाला, व्यसनमुक्तीचा मोठा फलक लागला, आणि फलकाखाली डॉ. अतुल यांनी निष्कर्ष जाहीर केला: खर्रा खाल्ल्याने तोंड बंद होते, हे सप्रमाण सिद्ध झाले आहे. टाळ्या झाल्या. पुरावा म्हणून डोमनलालला मंचावर उभं केलं होतं. त्याचं तोंड आता एक बोटही घेत नव्हतं.

सुखवंता खालूनच ओरडली, "झालं ना जी सिद्ध? आता तुकडा काढा!"

डॉक्टर कळवळले. "मावशी, चिमटा आत जात नाही. आधी तोंड उघडून आणा."

"कोठून आणू? बाजारात भेटते का?"

"त्यासाठी पुढचा प्रकल्प आहे ना. पण त्यात एका बोटाच्या आतले घेणार नाही. ते उपचाराला प्रतिसाद देत नाहीत."

सुखवंतानं समारंभाच्या अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी मान वर केली, भरल्या गालांनी ओठ घट्ट मिटले आणि हातानं 'थांबा' अशी खूण करून ते कोपरा शोधायला गेले. मग तिनं पाहुण्यांकडं पाहिलं. तेही उठले. त्या हॉलला कोपरे चारच होते, म्हणून थोडी गर्दी झाली.

तिनं नवऱ्याचा हात धरला, मंचावरून उतरवलं आणि थेट स्टेशन गाठलं. नागपूरले मोठा दवाखाना आहे, तिथं तोंड न उघडणाऱ्यालाही पाहतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

गाडीत समोरच्या बाकावर खिडकीपाशी तुम्ही बसला होता. हो, तुम्हीच. सुखवंतानं तुम्हाला सगळं सांगितलं. रसगुल्ला, चिठ्ठी, काड्या, ओमेशचा पांढरा कोट. तुमचं रक्त उसळलं. "पूरी सिस्टमच सडून राहिली," असं तुम्ही बोललात. डॉक्टरला शिव्या दिल्या, समितीला दिल्या, सरकारला दिल्या. बोलून बोलून तोंड सुकलं. मग तुम्ही खिशातून पन्नी काढली, मन लावून घोटली, आणि एकट्यानं खाणं बरं दिसत नाही म्हणून आधी डोमनलालपुढं धरली.

"घ्या जी, पटले भाऊ. बरं वाटन."

नाही म्हणायची सवय नसलेला डोमनलालचा हात पुढं आला. सुखवंतानं झडप घालून पन्नी हिसकली आणि खिडकीतून फेकून दिली.

तुम्ही शेजाऱ्याकडं वळून हळूच म्हणालात, "बाई भारीच तोंडाळ दिसते."

शेजारी हसला. त्यानं आपली पन्नी तुमच्यापुढं धरली. तुम्ही चिमूटभर घेतली. कोणाचं मन कायले मोडायचं?