मामांची फियाट आणि शंकरपाळ्यांचा बंगला

मला प्रत्येक गोष्टीच्या खाली वाकून बघायची खोड आहे. (पंख्याच्या, मिक्सरच्या, एकदा तर साहेबांच्या खुर्चीच्या. साहेब बसलेले होते.) त्यामुळे मेहुणीच्या, म्हणजे शुभाच्या, लग्नात कांदिवलीहून बोरिवलीच्या हॉलवर रुखवत न्यायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं.

"सरळ टेम्पो सांगा," माझी बायको सुहासिनी म्हणाली. तिने महिनाभर खपून शंकरपाळ्यांचा दुमजली बंगला बांधला होता, गॅलरीसकट.

"टेम्पोवाला खड्डे बघतो का? तुझ्या मामांच्या फियाटमागे हातगाडी जोडू. हळूहळू नेऊ."

"माझ्या बंगल्याचं एक कौल जरी पडलं ना, तर शुभाची पाठराखीण म्हणून जाईन ती परत यायची नाही!"

आता प्रश्न एकच, जोडायचं कशाने? दोरी बांधली तर ब्रेक मारल्याबरोबर हातगाडी डिकीत. साखळीचंही तेच, वर खणखणाट. हायवेवर एक भलामोठा ट्रेलर उभा होता, मी त्याच्याखाली शिरलो. पुढच्या गाडीच्या पाठीवर लोखंडी ताट, ट्रेलरच्या पोटाला जाड खुंटी. खुंटी ताटाच्या खाचेत शिरली की जबडा बंद. झकास!

"ओ, मरायचंय काय?" ड्रायव्हर ओरडला.

"हे चालताना सुटत कसं नाही हो?" मी खालूनच विचारलं.

"खटका बसला की नाय सुटत. जरा ओढून बघायचं. तुम्ही आधी बाहेर या!"

शनिवारी गुणाजी वेल्डरने फियाटच्या मागे जाड पट्टी बसवली, भोक पाडलं, हातगाडीच्या दांड्यातून खुंटी घातली आणि खालून नट आवळला.

"नट सैल झाला तर?" मी विचारलं.

"पिन मारू."

"पिन पडली तर?"

"मग काय, वेल्डिंगच मारू?"

"मार!"

ठिणग्या उडाल्या. "आता बापजन्मात सुटायची नाय!" गुणाजी म्हणाला, आणि आम्ही दोघांनी मोठ्या समाधानाने कटिंग चहा घेतला.

रविवारी बंगला हॉलवर पोचला. एक कौल हललं नाही! "बाई गं, जमलं की यांना!" सुहासिनी चारचौघांत म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात मार्तंडमामा झेंडूच्या माळा घेऊन आले. "जावईबापू, सोडा ती हातगाडी. नवरानवरी याच गाडीतून जायचीत."

मी खाली वाकलो. (आयुष्यात पहिल्यांदाच वाकायची लाज वाटली.) पाना लावला, हातोडा हाणला, करवतीचं पातं मोडलं. गुणाजीच्या दुकानाला रविवारचं कुलूप.

"अहो, सोडायची कशी ते विचारलं होतंत का कुणाला?" मामा म्हणाले.

"नाही. कशी सुटू नये, तेवढंच विचारलं."

वाट लागली! संध्याकाळी वरात निघाली. पुढे बँड, मागे माळा घातलेली फियाट, तिच्यामागे हातगाडी. हातगाडीवर सगळं रुखवत आणि बंगला धरायला सुटाबुटातला मी. "जोडलीत ना? मग बसा," एवढंच मामा म्हणाले.

नवऱ्याच्या दारात त्याची आजी रुखवत उतरवून घ्यायला आली. "बंगला सुरेख हो. रुमालाचं बदकही सुरेख." एकेक वस्तू निरखत ती माझ्यापर्यंत आली आणि तिने चष्मा नीट केला. "आणि हे गं काय?"

सुहासिनीने पदर सावरला.

"ते रुखवतातलं नाही, आजी. ते माझ्यामागे जोडलंय. सुटत नाही."