गेटचा रंग ओला होता

शाळेच्या गेटला निळा रंग द्यायचा असं मोठ्या बाईंनी ठरवलं, तेव्हा शाळेत मुलं इतकी थोडी होती की हजेरीला नावं पुकारायची गरजच नव्हती. मान एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली की झाली हजेरी.

शाळा ब्रिटिश पद्धतीची, प्राथमिक. मोठ्या बाई तिच्या मुख्याध्यापिका, खास ब्रिटनहून आलेल्या. इमारत मात्र पूर्वी दातांच्या डॉक्टरांची होती. डॉक्टर गेले, त्यांची खुर्ची राहिली. ती फरशीत अशी काही घट्ट बसवली होती की काढायची तर अर्धी खोली उखडावी लागली असती. नेमकी तीच खोली मोठ्या बाईंच्या वाट्याला आली. त्यामुळे दंगा करणाऱ्या मुलाला बाईंकडे पाठवलं की तो आपणहून खुर्चीत आडवा व्हायचा, आ वासायचा आणि सगळं कबूल करून मोकळा व्हायचा.

इमारतीच्या मालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं, "बाई, हे एक वर्ष बघतो. वर्ग भरले तर तुम्ही राहा. नाही भरले, तर मी दुसरा भाडेकरू बघायला मोकळा."

"भरेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझा शाळा खूप चांगला आहे."

बाई इथली भाषा मन लावून शिकल्या होत्या. फक्त स्त्रीलिंग, नपुंसकलिंग वगैरे भानगडींना त्यांनी पहिल्याच धड्यात रामराम ठोकला होता.

ऑफिस सांभाळायला काकू होत्या. फोन घेणं, फुटलेल्या गुडघ्यांना औषध लावणं, हरवलेले डबे शोधणं आणि बाईंचं बोलणं पालकांना नीट समजावून सांगणं, हे सगळं काकूंकडे. रंगाच्या दिवशी पेंटर तणतणत ऑफिसात शिरला.

"काकू, हे बघा! तिसऱ्यांदा मारतोय हा पट्टा. 'रंग ओला आहे' म्हणून सांगितलं, की जो तो बोट लावून खात्री करून घेतो!"

काकूंनी एक पुठ्ठा घेतला, जाड पेनाने ठसठशीत 'प्रवेश बंद' असं लिहिलं आणि त्याखाली 'रंग ओला आहे, मागच्या दाराने यावे' असं लिहायला घेतलं, तर पेनातली शाईच संपली. पेंटर म्हणाला, "पुरे एवढं," आणि त्याने पुठ्ठा गेटवर लटकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातलेले एक गृहस्थ मागच्या दाराने घाईघाईने आत आले.

"प्रवेश बंद? इतक्यात?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे," काकू म्हणाल्या. "वाळलं की उघडतो."

"काय वाळलं की?"

"अहो, वरचा हात अजून द्यायचाय."

गृहस्थांनी मागे वळून पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज अगदी खाली आणला. "वरचा हात म्हणजे… वरून कोणाचा तरी हात असावा लागतो तर. समजलं. सोय करतो."

काकू काही बोलायच्या आत ते गेलेसुद्धा. संध्याकाळपर्यंत आसपासच्या सगळ्या गल्ल्यांमध्ये बातमी झाली की त्या दातवाल्या इमारतीतली ब्रिटिश शाळा पहिल्याच महिन्यात भरली, आणि आता ओळखीशिवाय काम होत नाही. कालपर्यंत तिथे शाळा आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते आज म्हणू लागले, "आम्ही तर कधीपासून नंबर लावून बसलोय!"

गेटचा रंग वाळला, पुठ्ठा निघाला, पण माणसं थांबेनात. काकू जीव तोडून सांगायच्या, "अहो, जागा आहे! भरपूर आहे! हवं तर वर्ग दाखवते." तो रिकामा वर्ग पाहून पालक एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने बघत. एक आई तर हळूच म्हणाली, "मोठ्या लोकांसाठी राखून ठेवलाय ना हा? नाही, आम्ही कुठे बोलणार नाही." टायवाले बाबा वरचा हात म्हणून आपल्या मेव्हण्याला घेऊन आले. मेव्हणे आगगाडीच्या खात्यात मोठे साहेब होते. शाळेचा आणि आगगाडीचा काय संबंध, हे त्यांनाही कळत नव्हतं. ते बिचारे डॉक्टरांच्या खुर्चीत पाय वर करून बसले, बाईंनी चुकून दांडी ओढली, आणि भाच्याची शिफारस त्यांनी जवळजवळ शीर्षासनात केली. भाच्याला प्रवेश मिळाला. तो तसाही मिळणारच होता.

दोन महिन्यांत वर्ग भरले. मग शिक्षकांची चहाची खोली गेली, चहा जिन्याखाली आला. वाचनालय खोलीतून जिन्यावर गेलं. खालच्या पायऱ्यांवर प्राणी, मधल्यांवर परीकथा, वर ग्रहतारे. पायरीपायरीवर मुलं वाचत बसलेली, त्यामुळे गणिताच्या सरांना वरच्या वर्गात पोचायचं तर सगळी परीराज्यं ओलांडत जावं लागे. शेवटी मोठ्या बाईंनी आपली खोलीही दुसरीच्या वर्गाला दिली. मुलांनी त्या खुर्चीवर पाळी लावली. जो उत्तर बरोबर देईल त्याला वर, चुकेल त्याला खाली. दुसरीचे पाढे पंधरवड्यात पाठ झाले.

बाई जिन्याखाली केरसुण्या आणि चहाच्या शेगडीशेजारी बसू लागल्या. तिथे सरळ उभं राहता येत नसे. तरी त्या खुशीत होत्या.

"काकू, लोकांना माझा पद्धत आवडला! ब्रिटनमध्ये मी सगळ्यांना सांगितला."

काकूंनी आपला कप खाली ठेवला. कितीतरी दिवस गिळून बसलेली गोष्ट त्यांनी अखेर सांगून टाकली. पुठ्ठा, संपलेली शाई, वरचा हात, सगळं. बाई ऐकत राहिल्या. मग उठायला गेल्या आणि टाळकं जिन्यावर आपटलं.

"म्हणजे माझा पद्धत नाही?"

"नाही हो. रंग."

बाई डोकं चोळत पुन्हा खाली बसल्या. काकूंना वाटलं, आता या सामान बांधतात. पण बाईंनी चहाचा कप हातात घेतला. "ठीक. आले ते चुकून. आता चुकूनसुद्धा एकही पोरगा परत जायचा नाही, एवढा बघू."

आणि त्या दिवसापासून बाईंनी कंबर कसली. वाचायला अडखळणाऱ्या मुलांना त्या स्वतः जिन्याखाली घेऊन बसत. मुलं त्यांना इंग्रजी शिकता शिकता सुधारत, "बाई, 'तो खिडकी' नाही, 'ती खिडकी'." बाई वहीत लिहून घेत आणि दुसऱ्या दिवशी 'ती दरवाजा' म्हणत.

वर्षाच्या शेवटी नाटक ठरलं. एका राजाची आणि त्याच्या प्रजेची गोष्ट होती. प्रत्येक पालक येऊन काकूंना सांगे, "आमच्याला राजा करा बरं का." काकूंना नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं. त्या प्रत्येकाला म्हणाल्या, "बघू या." 'बघू या' याचा अर्थ पालकांनी आपापल्या सोयीने घेतला. नाटकाच्या दिवशी बघावं तर सगळी मुलं घरूनच मुकुट, झगे आणि तलवारी लावून आलेली. प्रजा म्हणून एकच मुलगी होती. आई आजारी, बाबा फिरतीवर, त्यामुळे तिला झगा शिवायला कोणाला वेळ झाला नव्हता.

नेमके त्याच दिवशी मालक नवा भाडेकरू घेऊन हजर झाले. भाडेकरू व्यायामशाळावाले होते. डोकं आणि खांदे यांच्यामध्ये त्यांना काहीच नव्हतं. "आधी जागा बघू," म्हणत दोघे शेवटच्या रांगेत काकूंच्या शेजारी बसले.

"पण वर्ग तर भरलेत!" त्या मालकांना कुजबुजत म्हणाल्या.

"भरलेत? वाहताहेत! माझा जिना बघितला का? ग्रहांच्या वजनाने वाकलाय. इतकी पोरं या इमारतीला झेपायची नाहीत."

म्हणजे मुलं नव्हती म्हणून बाहेर, आणि आता मुलं आहेत म्हणूनही बाहेर. काकूंना रडावं की हसावं कळेना.

पडदा उघडला. रंगमंचभर राजेच राजे. ते एकामागून एक गरजू लागले, "प्रजे, कर भर!" "प्रजे, घोडा आण!" "प्रजे, माझ्या पाया पड!" ती एकटी मुलगी इकडून तिकडे पळाली, वाकली, उठली, पुन्हा पळाली. तिचं वाक्य होतं, 'जशी आज्ञा महाराज'. पण दमून ती मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आधी तुमच्यातला खरा राजा कोण ते ठरवा. मग मला सांगा. तोपर्यंत मी बसते."

आणि ती बसली. राजे एकमेकांकडे बघू लागले. पालकांमध्ये हसण्याचा असा लोट उठला की मोठ्या बाई पडद्यामागून पडद्यासकट बाहेर आल्या. टायवाले बाबा तर स्वतःच्या राजाला विसरून ओरडले, "शाब्बास प्रजा!"

व्यायामशाळावाले हसत नव्हते. ते डोळे पुसत होते.

"काकू, ही मुलगी इथे आली तेव्हाही अशीच होती?"

"छे! पहिले तीन महिने तोंडच उघडलं नव्हतं. बाई रोज तिला जिन्याखाली घेऊन बसायच्या. बाईंच्या चुका काढता काढता बोलायला लागली."

"माझी धाकटीही बोलत नाही. घराबाहेर पडली की मुकीच." त्यांनी आपल्या भल्याथोरल्या हातांकडे पाहिलं. "तिला घ्याल का?"

काकूंनी वर्षभर 'जागा आहे, जागा आहे' म्हणून घसा कोरडा केला होता. आज पहिल्यांदाच त्यांना सांगावं लागलं, "जागा नाही हो. खरंच नाही. इमारतसुद्धा तुम्हालाच चाललीये."

व्यायामशाळावाल्यांनी जरा विचार केला. मग मालकांच्या पाठीवर थाप मारली. प्रेमानेच मारली, पण मालक खुर्चीसकट पुढे सरकले. "मला नको ही जागा. माझी जुनी व्यायामशाळा बरी आहे. पैलवान पहाटे येतात, नाहीतर एकदम संध्याकाळी. दिवसभर नुसती वजनं पडलेली असतात. वरचे दोन वर्ग तिकडे आणा, म्हणजे तुमचा जिनाही वाचला."

मालक पाठ चोळत म्हणाले, "मग माझं काही म्हणणं नाही." त्या थापेनंतर कोणाचंच काही म्हणणं उरलं नसतं.

नव्या वर्षी वरचे वर्ग व्यायामशाळेत भरू लागले. भिंतीवरच्या मोठमोठ्या आरशांमुळे वर्गात मुलं दुप्पट दिसायची आणि मागे बसून खोड्या काढणाऱ्यांची फार पंचाईत व्हायची. व्यायामशाळावाल्यांची धाकटीही तिथे येऊ लागली. आठवडाभर ती गप्प बसली. नंतर एका दुपारी मोठ्या बाई सगळ्यांना म्हणाल्या, "आता आपला वही उघडा," तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "आपली!"

बाईंनी मान डोलावली, "थँक यू," म्हणाल्या आणि लगेच पुढची चूक करायला घेतली. दाराआड उभे असलेले व्यायामशाळावाले मात्र हातातलं वजन खाली ठेवायचंच विसरून गेले होते.