दोनशे चाळीस मोशन

मुरबाडच्या टीव्हीच्या दुकानात, भर गर्दीत, आमच्या यमुनाकाकीने विचारलं, "दोनशे चाळीस मोशन? अरे, मग त्याला हितं कशाला ठेवलाय? दवाखान्यात ने, सलाइन लाव!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोक्यावर लालभडक अक्षरांत तसं छापलं होतं खरं, आणि विकणाऱ्या पोरीने ते मोठ्या कौतुकाने वाचूनही दाखवलं होतं. पण आमच्याकडे मोशन म्हटलं की एकच गोष्ट, जिच्यावर डाळिंबाची साल उगाळून देतात. मिक्सर घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक हसता हसता खालीच बसलं. काकी मात्र हसली नाही. तिने कनवटीचा पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाली, "हा लाव. बैल बघू दे."

टोकावड्याला माळशेजच्या रस्त्यावर काकीचा ढाबा आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. शंकरकाका गेल्यापासून ढाबा ती एकटी चालवते, आणि ज्या तऱ्हेने चालवते ते बघून नवख्या माणसाची वाचाच बसते. भाकरी थापता थापता ती रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला ओरडून सांगते, "मागचं चाक बसलंय रे तुझं!" अर्धा चहा टाकून उठलेल्याला दटावून परत बसवते. घाटातून उलट्या करत आलेल्या पर्यटकाला आधी लिंबू देते, मग शिवी. "बघायचं तर नीट बघ, नायतर डोळे मीट," हे तिचं ठरलेलं बोलणं. सकाळी मला चहाला हाक मारते ती पलीकडच्या पाड्यावर ऐकू जाते.

तर अशा या काकीच्या डोक्यात दिवाळीपासून टीव्ही शिरला. मालिका नकोत, बातम्या नकोत. म्हसा गावच्या जत्रेतला एक व्हिडिओ तेवढा स्वच्छ दिसायला हवा. कुणीतरी मोबाइलवर काढलेला, बघता बघता संपणारा. एक बैल बिथरून सुटतो, माणसं सैरावैरा पळतात, धूळ उडते, झालं! त्यापायी तिने मुरबाड आणि शहापूरची दुकानं पालथी घातली. इंग्रजी वाचायला म्हणून प्रत्येक वेळी माझी वरात सोबत. कुठे एकशेवीस लिहिलेलं, कुठे थेट नऊशेसाठ, आणि काकीचं प्रत्येक ठिकाणी एकच, "नको. पुसतंय."

"काय पुसतंय काकी? शिंगांसकट बैल दिसतोय की!"

"तुझे डोळे झेरॉक्सचे गो वैशे. हललेलं दिसत नाय तुला."

शहापूरच्या एका दुकानदाराने तर आम्हाला लांबून येताना बघून शटर खाली ओढलं. भर दुपारी! मी रस्त्यात थिजून उभी राहिले. काकीने वाकून शटरखालून आत विचारलं, "जेवाया बसलाव काय?"

आता मुरबाडच्या त्या दोनशे चाळीसवाल्यावर बैल धावू लागला आणि मी थक्क झाले. काय ते गुळगुळीत धावणं! बैल कसला, लोण्यावरून घसरत चालल्यासारखा. मी म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

"पुसलं," काकी म्हणाली. "सगळ्यात जास्त यानंच पुसलं."

तेव्हा दुकानाच्या मालकाचा धीर सुटला. वयस्कर माणूस, तिची ही कितवी तरी फेरी सोसत होता. "मावशी, खरं सांगू का? याचा पडदा साठचाच आहे. सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, म्हणजे साठ हर्ट्झ, तो खरा आकडा. दोनशे चाळीस हे नुसतं कंपनीचं बोलणं. आणि तुमच्या मोबाइलने साठाच्या निम्मीच चित्रं काढली असणार. मधली चित्रं टीव्ही स्वतःच बनवून घुसवतो, म्हणून गुळगुळीत वाटतं."

मी आ वासला. "अहो, मग खोक्यावर धडधडीत छापलंय ते?"

"ताई, नीट वाचा. हर्ट्झ कुठं लिहिलंय? मोशन लिहिलंय."

काय म्हणावं या निलाजरेपणाला! माझा संताप संताप झाला. पण काकीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"बनवतो म्हंजे? मनानं?"

"अंदाजाने, मावशी. दोन चित्रांच्या मधलं."

"म्हंजे मधी जो दिसतो, तो नसतोच?"

"नसतो."

"बंद कर," काकी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता याचे मोशन बंद कर."

मिक्सरवाला पुन्हा हसायला लागला आणि काकीचं तोंड बघून गप्प झाला. मालकाने रिमोटवर खाटखुट करून सेटिंग बंद केलं. "झटके बसतील हां," म्हणाला, आणि व्हिडिओ लावला.

बैल झटके खात सुटला. त्याच्या मागून एक काटकुळा माणूस पळत होता, एकाच पायात चप्पल. तेवढ्यात टीव्हीच्या भोंग्यातून बाईची हाक आली, "अवो! चप्पल!" माणसाने वळून मागे पाहिलं, तोंडभर हसला, आणि धुळीत शिरला.

शंकरकाका! आणि हाक काकीची, रोज मला चहाला येते तीच. इतक्या वेळा हा व्हिडिओ बघितला, पण बैलाच्या मागे मी कधी पाहिलंच नव्हतं. काकांना फोटोचा भारी तिटकारा. घरात त्यांचा एकच फोटो, मतदान कार्डावरचा, त्यात ते आत्ताच पकडून आणल्यासारखे दिसतात.

"वळले का तोंड पुसायचं," काकी हळूच म्हणाली. तिचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "समद्या टीव्हीत. भलताच मानूस हसायचा माज्याकडं बघून."

मालक घुटमळला. "मावशी, फार धक्के खातोय हो. परत गुळगुळीत करू?"

"नको." काकीने पदराने नाक पुसलं. "ते असेच धडपडत चालायचे. परत लाव."

त्याने परत लावलं. टीव्हीतून काकीने पुन्हा हाक मारली, आणि काका पुन्हा वळून हसले.