चावरा माईक

अर्थिंगच्या कामात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये सापडणार नाही, हे मी सनद भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बावीस वर्षं फौजेत होतो, सिग्नलमध्ये हवालदार! जैसलमेरच्या वाळूत जनरेटर आणि रेडिओच्या गाड्यांचं अर्थिंग करण्यात जवानी गेली. आता मुलगा उज्ज्वल इथे नोकरीला आहे, म्हणून मी आणि माझी बायको चंपाबाई हिवाळ्यात येतो. ऐकेल त्या मुलाला मी वीज शिकवतो. न ऐकणाऱ्यालाही शिकवतो.

सावित्रीबाईंच्या जयंतीनंतरच्या शुक्रवारी आमची दहा-बारा कुटुंबं सखीरच्या वाळवंटात जमली होती. भाड्याचा भला मोठा तंबू, भाड्याचा जनरेटर, तंबूबाहेर माईक. माझी नऊ वर्षांची नात संघप्रिया पहिल्यांदाच मराठीत भाषण करणार होती. मी मराठीत विचारावं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमचा घरचा कारभार. हे भाषण बसवायला मला दोन महिने लागले होते!

तालमीसाठी ती माईकपुढे गेली, "जय भीम" म्हणायला तोंड उघडलं आणि किंचाळून मागे पळाली.

"आजोबा, इट बिट मी!"

धूळ बसावी म्हणून तिथे पाणी शिंपडलेलं, पोर अनवाणी, ओठ माईकच्या जाळीला लागलेले. मी टेस्टर लावला, तर त्यातला दिवा भकभकून पेटला.

"आय ॲम नॉट डूइंग इट. नेव्हर!"

"दोन महिने पोरीला पिडलंत," चंपाबाई म्हणाली. "आता काय करता, हवालदार?"

"अर्ध्या तासात माईकचे दात पाडतो!"

सर्वांत आधी जनरेटर बंद केला. मग संघप्रिया आणि तिच्या चार दोस्तांची पलटण समोर बसवली.

"इमारतीसाठी जमिनीत खोल सळई पुरतात. पण फौज आज इथे, उद्या तिथे. शिवाय इथे दोन विती खाली खडक! म्हणून फौज काय करते? आखूड खुंट्या दूर दूर ठोकते, सगळ्या एका तारेनं जनरेटरला जोडते, वर मिठाचं पाणी ओतते. मग चुकार वीज तारेतून जमिनीत जाते, माणसाला चावत नाही."

"खुंट्या हाउ मेनी?" पलटणीतल्या वरुणनं विचारलं.

इथे माझ्यातला मास्तर जरा जास्तच बोलून गेला. "जितक्या जास्त, तितकं चांगलं!"

तांब्याच्या उघड्या तारेचं वेटोळं उज्ज्वलच्या गाडीत होतंच. पोरांनी स्वयंपाकातून मीठ आणलं, म्हणजे होतं नव्हतं तेवढं सगळं! बिर्याणी बिचारी अळणी राहिली. खुंट्या पाच आल्या, दणकट, लोखंडी. मी शाबासकी दिली. लगेच सात आल्या. आणखी शाबासकी, आणखी बारा! कुठून येताहेत हे विचारायचं भान कोणाला? मी हातोडा चालवत होतो.

तार गुंडाळता गुंडाळता संघप्रिया एकदम थांबली. जमिनीवर तळहात ठेवून म्हणाली, "आजोबा, एवढी वीज गेली तर पृथ्वी भरून नाही का जाणार?"

चक्क मराठीत! आणि हा प्रश्न बावीस वर्षांत मला एकाही सुभेदारानं विचारला नव्हता.

"नाही बाळा. आपली वीज म्हणजे समुद्रात टाकलेला एक थेंब."

ती डोळे विस्फारून दूरवर बघत राहिली. मीही बघत राहिलो. एवढी मोठी पृथ्वी, आणि आम्ही तिला एक तार बांधत होतो!

चोविसावी खुंटी ठोकून जनरेटर सुरू केला. टेस्टर लावला, दिवा नाही. मग मी स्वतःचा ओठ माईकला लावला. मिशीसुद्धा हलली नाही!

तेवढ्यात उत्तरेकडून वारा आला आणि तंबू उंट बसतो तसा बसला. आधी पुढून, मग मागून. आत चाळीस माणसं!

"माझा चष्मा!" "पाय कोणाचा हा?" "अहो हवालदार!"

तंबूवाला गनी धावत आला. "बाबा! तंबू मफी, तंबू खतम! मेरा सब खूंटा किधर गया?"

मी पायाखालच्या खुंट्यांकडे पाहिलं. पलटण माझ्याकडे शाबासकीसाठी पाहत होती.

मी आणि उज्ज्वल कापड उचलायला धावलो, आणि स्पीकर बोलू लागला.

"जय भीम. माझं नाव संघप्रिया."

माईकला ओठ टेकवून पोर उभी होती! कापडाखालचा गलका थांबला.

"सावित्रीबाई शाळेत शिकवायला जायच्या, तेव्हा लोक त्यांच्यावर शेण फेकायचे. तरी त्या रोज गेल्या. मला तर फक्त माईक चावला होता."

हे शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. तंबूखाली टाळ्या वाजल्या, कापड जागोजागी उसळलं. 

गनी खुंट्या उपटायला निघाला. पण अजून चार मुलांची भाषणं बाकी होती. खुंट्या काढल्या की माईक पुन्हा चावणार! शेवटी असं ठरलं, की खुंट्या तिथेच राहतील आणि तंबूच्या दोऱ्या पुरुषमंडळी धरतील. सर्वांत जास्त वाऱ्याचा कोपरा मास्तरांना मिळाला!

तासाभरानं, दोरी कमरेला गुंडाळून मी उभा असताना, संघप्रिया डबा घेऊन आली आणि माझ्या दोन्ही पायांवर तिनं उरलेलं मिठाचं पाणी व्यवस्थित ओतलं.

"अगं, हे काय?"

"आजोबा, पंचविसावी खुंटी! जितक्या जास्त, तितकं चांगलं."